सपाट छातीचा मोर

फार मागे एका टांकसाळीत एक पोलादी ठसा चांदीच्या रुपयांवर मोर उठवायचा. सुरुवातीच्या नाण्यांवर मोराचं पीस न् पीस मोजता यायचं. लाखभर रुपये पाडून झाले, आणि एका नाण्यावर मोराची छाती सपाट निघाली.

नाणी पारखणारे धोंडोपंत पोतदार वैतागले. "बाजारात फिरून झिजलेलं नाणं नव्यांत कुणी मिसळलं?"

"पंत, मी अजून बाजार पाहिलाच नाही," नाणं म्हणालं.

पंतांनी ते उजेडात तिरपं धरलं. सपाट छातीवरही कोरी झळाळी होती. "मग पिसं गेली कुठं?"

"माझ्यापाशीच उरली नाहीत," ठसा दमून म्हणाला. "त्याला कुठून देऊ?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पंतांनी भिंग ठशावर धरलं.