कासाराच्या घरची कावीळ

एका गावात भागवतअण्णा नावाचे एक कासार राहत. गावातल्या प्रत्येक बाईचा हात कधी ना कधी बांगड्या भरायला त्यांच्या हातात आलेला. लोक अण्णांना मानत. आणि लोक आपल्याला मानतात, याची अण्णांना फार काळजी असे.

त्यांना दोन मुलं. थोरला सोपान दुकान सांभाळे. धाकटी इंदुमती तालुक्याच्या कॉलेजात शिके. आई दोघांच्या लहानपणीच गेली होती. इंदू घरात सगळ्यांत लहान होती आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलत असे.

त्या वर्षी सोपानच्या अंगावर काळेनिळे डाग उठू लागले. हिरड्यांतून रक्त येई. चार पायऱ्या चढला की धाप लागे. शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, "रक्ताचा कॅन्सर आहे. उपचार लांबणारे आहेत, पण आहेत."

डॉक्टरांनी त्यांना इस्पितळातल्या रुग्ण-साहाय्य कक्षात पाठवलं. तिथे रेणुसेबाई नावाच्या समाजसेविका बसत. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. औषधांनी सोपानच्या रक्तातल्या प्लेटलेट खाली जातील. त्या कमी झाल्या की वाहणारं रक्त थांबत नाही. त्या दुसऱ्या माणसाच्या रक्तातूनच मिळतात आणि फार दिवस साठवता येत नाहीत.

"तेव्हा दहा-बारा माणसं आत्तापासून तयार ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्या राहण्याची सोय मी करते. ह्या आजारातून उठलेल्या माणसांशी गाठही घालून देते. पण गावातली माणसं तुम्हीच जमवायची. त्यासाठी आधी सांगावं लागेल."

"आमचं आम्ही बघू," असं म्हणून अण्णा उठले.

बाहेर येताच इंदूनं विचारलं, "काय बघणार आहात?"

"गावात कुणाला काही सांगायचं नाही. विचारलं तर कावीळ म्हणायचं."

"का?"

"तुझं लग्न जमलंय म्हणून. रक्ताचा रोग म्हटला की ते लोक म्हणणार, ह्यांच्या घराण्याच्या रक्तातच खोट आहे. लग्न मोडेल."

इंदू त्यांना सांगू लागली की हा आजार असा घराण्यातून घराण्यात जात नाही, डॉक्टरांना विचारा हवं तर. अण्णा शांतपणे ऐकत होते, म्हणजे ती बोलायची थांबण्याची वाट पाहत होते. मोठी माणसं बहुधा असंच ऐकतात. शेवटी सोपानच म्हणाला, "जाऊ दे, इंदे. तुझं एकदा नीट पार पडू दे."

कुणाचंही न ऐकणाऱ्या इंदूनं तेवढं मात्र ऐकलं आणि ती गप्प बसली.

औषधांची पहिली खेप झाली. सोपान घरी आला. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती गेली आहे, गर्दी नको, बाहेरचं काही नको, कच्चं तर मुळीच नको. पण कावीळ म्हटल्यावर गाव धावून आलं. कावीळ प्रत्येकाच्या ओळखीची. प्रत्येकाजवळ तिच्यावर एक औषध. शेजारच्या गावातून माळवाला आणला. त्यानं सोपानच्या डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवली आणि सांगितलं, माळ आपोआप वाढेल. ती गळ्यात उतरली की कावीळ उतरली. दोन दिवस सगळे माळेकडे बघत बसले. माळ काही वाढेना.

"हट्टी कावीळ दिसते," चंद्राआत्या म्हणाली. चंद्राआत्या म्हणजे शेजारीण. नात्यातली नव्हे, पण अण्णांना एकेरीत हाक मारणारी गावातली एकटीच. ती रोज सकाळी गुऱ्हाळावर जाई आणि सोपानसाठी तांब्याभर उसाचा रस घेऊन येई.

पहिल्याच दिवशी इंदू आडवी आली. "आत्या, त्याला बाहेरचं चालत नाही."

"बाहेरचं कुठलं? आपल्या गुऱ्हाळातलं आहे. काविळीला रसासारखं औषध नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काय रे भागवता?"

इंदूनं अण्णांकडे पाहिलं. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. "घे बाबा दोन घोट," ते सोपानला म्हणाले.

सोपान तीन दिवस रस प्याला. चौथ्या दिवशी सकाळी तो थंडीनं कुडकुडू लागला. अंग तव्यासारखं तापलं. नाकातून रक्ताची धार लागली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं?" इंदूनं सांगितलं. डॉक्टरांनी भराभर सलाईन लावलं आणि रेणुसेबाईंना बोलावून घेतलं. प्लेटलेट पार तळाला गेल्या होत्या. रक्तपेढीत सोपानच्या गटाची एकच पिशवी होती, ती लगेच चढवली. ती पुरणार नव्हती. आज संध्याकाळच्या आत आणखी हव्या होत्या.

रेणुसेबाईंनी त्यांच्या यादीतल्या दात्यांना फोन लावले. सोपानच्या गटाचे चौघे होते. दोघांनी परवाच दुसऱ्या रुग्णांना दिलं होतं. दोघे परगावी. इंदूनं स्वतःचा हात पुढे केला. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाळ, तुझ्याच अंगात रक्त कमी आहे." अण्णांचं वय उलटून गेलेलं.

मग अण्णांनी गावात शिवलिंगतात्यांना फोन लावला. तात्यांच्या शब्दावर गावातली पोरं उठत. अण्णा म्हणाले, "तात्या, सोपानला रक्त लागतंय. धडधाकट माणसं पाठवा."

पलीकडून तात्यांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला. "काविळीला रक्त? अण्णा, कुणीतरी गंडवतंय तुम्हाला. पोराला उचला आणि घरी आणा. माळवाल्याला मी पुन्हा बोलावतो."

अण्णा "बरं, बरं" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दुपारचा एक वाजला होता. आत नर्सनं सोपानच्या नाकातला बोळा बदलला. नवा बोळाही बघता बघता लाल झाला.

"अण्णा, फोन द्या," इंदू म्हणाली.

अण्णांनी तो मुठीत घट्ट धरला. "इंदे, एकदा बाहेर पडलं की आवरता येणार नाही. त्या लोकांच्या कानावर जाईल. तुझं लग्न..."

"लग्नात नवरदेवाचा कान पिळायला कुणाला उभं करणार आहात, ते आधी सांगा."

अण्णांची मूठ सैल झाली.

इंदूनं चंद्राआत्याला फोन लावला. "आत्या, सोपानला कावीळ नाही. रक्ताचा कॅन्सर आहे. आम्ही खोटं बोललो. आज त्याला रक्त द्यायला माणसं मिळाली नाहीत तर तो जाईल."

आत्यानं विचारलं, "मग मी त्याला रस पाजला तो?"

"तो त्याला चालत नव्हता."

"तीन दिवस पाजला मी. तुझ्या बापाला दे."

अण्णांनी फोन कानाला लावला. "भागवता," आत्या म्हणाली, "तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय आपण. माझ्या हातानं काय पाजायला लावलंस रे पोराला?"

आत्या उत्तरासाठी थांबली नाही. "किती माणसं पाहिजेत, ते बोल."

गावापासून इस्पितळ दोन तासांवर. इंदू फाटकाशी उभी राहिली. तीन वाजले. साडेतीन वाजले. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ती मान उंचावून पाहत होती. फसवलं म्हणून लोक रागावले असतील तर? घाबरून कुणी निघालंच नसेल तर? रेणुसेबाई दोनदा येऊन घड्याळ बघून गेल्या. रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करायलाच दीड तास लागणार होता.

चारला दहा मिनिटं असताना दुधाचा टेम्पो आत शिरला. त्यातून अकरा माणसं उतरली. पुढे तात्या, मागे चंद्राआत्या. तात्या अण्णांजवळ येऊन म्हणाले, "काविळीला रक्त लागत नाही, हे मला अडाण्यालासुद्धा ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं?" आणि त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली.

तात्या वयानं बाद झाले. काहींचा गट जुळेना. एकाला गेल्याच महिन्यात मलेरिया झालेला. अकरांतले दोघेच तपासणीत पास झाले: तात्यांची सून आणि डेअरीतला कारकून. दोन पुरेसे होते. सहाच्या सुमारास फिकट पिवळ्या रंगाची पिशवी सोपानच्या उशाशी टांगली गेली. आठ वाजता नर्सनं बोळा काढून पाहिला. तो कोरडा होता.

ताप उतरायला आणखी सहा दिवस लागले.

सातव्या दिवशी मुलाकडच्यांचा फोन आला. इंदूनं हात पुढे केला, पण अण्णांनी तो स्वतःच घेतला. "खरं आहे," ते म्हणाले. "माझ्या मुलाला रक्ताचा कॅन्सर आहे." हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले. पलीकडचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले.

"मोडलं?" इंदूनं विचारलं.

"मोडलं."

इंदूला वाटलं होतं, आता अण्णा डोक्याला हात लावून बसतील. ते रेणुसेबाईंच्या खोलीकडे चालू लागले. "बाई," दारातूनच ते म्हणाले, "औषधाची पुढची खेप केव्हा आहे? त्याआधी माणसं ठरवायला हवीत. गावात अजून पुष्कळ घरं आहेत. नावं सांगतो, लिहून घ्या."

तात्पर्य: दुखण्याचं नाव खोटं सांगितलं, की चांगली माणसंही चुकीचं औषध घेऊन येतात. मदत हवी असेल तर आधी खरं सांगा. अब्रूला रक्त लागत नाही, माणसाला लागतं.