दिवाणजींचा दुभाषा

कोकणातल्या एका बंदराच्या राजाकडे सांतू शेणवी नावाचा दुभाषा होता. गोव्यात राहून तो पोर्तुगीज शिकला, फिरंग्यांच्या हातचं जेवला, म्हणून गावानं त्याला वाळीत टाकलं होतं. घरी तो स्वतःपुरतं एक पान मांडायचा आणि भिंतीशी बोलायचा. दिवाणजी तर तो समोर उभा असला तरी हुजऱ्याकरवी बोलत, "त्याला सांग."

एकदा फुटलेल्या जहाजाचे तीन खलाशी दरबारात आणले. एक आफ्रिकेचा, एक मकावचा, एक ब्राझीलचा.

"त्याला विचार," दिवाणजी हुजऱ्याला म्हणाले, "मूठभर फिरंग्यांची ती भाषा या तीन मुलखांच्या माणसांपुढे काय कामाची?"

सांतूनं खलाशांना पोर्तुगीजमध्ये एवढंच विचारलं, "जेवलात का?"

तिघंही त्याच भाषेत एकदम बोलू लागले. मकावचा तर बोलता बोलता रडला.

राजा थक्क झाला. दिवाणजींनी नाक मुरडलं. "त्याला सांग, भाषेचा एवढा तोरा मिरवतोस, पण गावात तुझ्याशी बोलतं कोण?"

सांतू राजाकडे वळला. "महाराज, समुद्रापलीकडच्या माणसांशी बोलायला मला मध्ये कुणी लागलं नाही. दिवाणजींना मात्र माझ्याशी मराठीत बोलायलाही दुभाषा लागतो."

दिवाणजी सवयीनं हुजऱ्याकडे वळले.

"हुजऱ्या, तू बाहेर जा," राजा म्हणाला. "हं दिवाणजी, आता बोला."



त्या संध्याकाळी सांतूनं घरी चार पानं मांडली.