टिटवीची चार अंडी

"आबा, आता तरी सांगा. हा माळ झाला की नाही?"

धुळाआबा गुडघाभर गवतात उभा राहून कानोसा घेत होता.

विचारणारा निरंजन, पाखरांचा मोठा अभ्यासक. अकरा उन्हाळे या म्हाताऱ्या धनगरामागे माळ तुडवला, तेव्हा कुठे त्याला दगडांतली अंडी दिसू लागली. भाषणांत तो सांगायचा, माझा गुरू शाळेची पायरी चढलेला नाही. टाळ्या पडायच्या.

मग तो शंभर एकरांचा माळ विमानांच्या धावपट्टीला द्यायचं ठरलं. भरपाई म्हणून दीडशे एकर शेतं घ्यायची, बांध मोडायचे, गवत पेरायचं आणि पाखरांना नवं घर द्यायचं. योजना निरंजनचीच. गाव अडून बसलं होतं. निरंजनने एका दुपारी आबाला समजावलं. आबा हो म्हणाला, मग गावही म्हणालं.

आबाचं खोपटसुद्धा इकडे नव्या गवतात आणून दिलं. म्हातारा मात्र रोज सकाळी उठून जुन्या माळावर जातो, दुपारपर्यंत बसतो आणि परत येतो. का, ते निरंजनने कधी विचारलं नाही. शहाण्या माणसाला सगळं ठाऊकच असतं.

"तीन पावसाळ्यांत पवना गवत आलं, मारवेल आलं," निरंजन बोटांवर मोजत सांगू लागला. "ससे आले. चंडोल आला..."

"टिटवी?"

निरंजन हसला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता.

"या, दाखवतो."

गवतात एक मोकळी, खडकाळ जागा राखली होती. मधोमध चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची.

"तिकडे जुन्या माळावर रुळाखाली चिरडली असती. परवा मी स्वतः उचलून आणली. खडे तसेच, उतार तसाच. तुम्ही शिकवलंत तशी टोकंसुद्धा आत वळवून ठेवली."

आबा गुडघ्यावर हात देत खाली बसला. एक अंडं उचलून त्याने गालाला लावलं, आणि होतं तसं परत ठेवलं.

"गार हाय."

"येईल ती. थोडा वेळ लागतो..."

लांबून, धावपट्टीकडून, टिटवी ओरडली.

आबा उठला आणि त्या दिशेने चालू लागला. निरंजन मागोमाग.

जुन्या माळावर मुरूम पसरला होता. रस्त्याचा रूळ उभा होता आणि चालक त्याच्या सावलीत विडी ओढत होता.

"सायब, दोन दिस झालं, पाखरू हलंना," तो म्हणाला. "हुसकावलं की घिरट्या घालतंय आन् पुन्ना तितंच बसतंय. माजा हात उचलंना. पन मुकादम म्हनतोय, आज कसंबी करून सपाट कर."

मुरुमात टिटवी बसली होती. पिसं फुगवून, पोट भुईला टेकून.

निरंजनने हात उडवले. टिटवी उडाली. खाली ओंजळीएवढा खळगा. रिकामा.

क्षणात ती परत आली. पाय दुमडून हळूच टेकली. काही फुटू नये म्हणून जपावं, तशी.

निरंजनने उगारलेले हात खाली घेतले.

आबा टिटवीपासून चार पावलांवर जाऊन भुईवर बसला. रोज बसायचा तिथेच. टिटवी जागची हलली नाही.

चालकाने विडी विझवली. मुकादमाने लांबून शिट्टी मारली. रूळ धडधडू लागला.

"अगं, इथे काही नाही!" निरंजन टिटवीवर ओरडला. "तिकडे आहेत सगळी! इथल्यापेक्षा चांगली जागा आहे... ऐक ना..."

टिटवी त्याच्याकडे बघत बसून राहिली.

निरंजन वळला. त्याचे डोळे भरले होते.

"आबा, तुम्ही तरी सांगा. कसं समजावू हिला?"

आबा बसल्या जागेवरून उठला नाही. मुरुमावर तळवा टेकून तो म्हणाला,

"मला समजावलंस तसंच."