वळणावर ओतलेला चहा

आधी माफी मागतो. माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर सुधारून वाचा. मला साधेच शब्द येतात, त्यांतच ही गोष्ट सांगतो. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. तिथली माणसं चहाची भारी शौकीन. अमावस्येला औत धरायचं नाही, म्हणून त्या दिवशी सगळ्यांना उसंत असे. दुपार कलली की प्रत्येक घरातलं एक माणूस चहाची किटली घेऊन गावाबाहेरच्या चिंचेखाली येई. कुंभार मातीच्या वाट्या आणी. मग सगळे एकमेकांच्या चहाचा घोट घोट घेत बसत.

कुठला चहा आणायचा, याचा नियम होता. सरलेल्या महिन्यात घरात जो सगळ्यांत जास्त वेळा झाला, ज्याचा जिवाला आधार वाटला, तोच आणायचा. त्याला ते महिन्याचा चहा म्हणत.

आता यातली गंमत सांगतो. तो चहा प्यायला की त्या घरचा महिना कसा गेला, ते कळत असे. सुंठ-मिरी लागली की समजायचं, घरात कुणी आजारी आहे. नुसता कोरा असला की गाय आटली, नाहीतर गेली. गूळ अगदी बेताचा पडला असेल तर हात आखडलाय. दाट दूध आणि वेलदोडा लागला की पाहुणे येऊन गेले, बहुतेक मुलगी बघायला. चिंचेखाली यावर कुणी चकार शब्द काढत नसे. पण ज्यानं कोरा चहा आणला, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी कुणीतरी दुधाचा तांब्या ठेवून जाई. कुणी बघितलंच तर "आमच्याकडे जास्तीचं होतं," एवढंच म्हणे.

असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. त्यामुळे एक गोष्ट त्या गावात कुणी शिकलंच नव्हतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन "तुझं कसं चाललंय?" असं तोंडानं विचारायला. गरजच पडली नव्हती. उलट असं विचारणारा माणूस त्यांना आगाऊ वाटला असता.

त्या गावच्या कुंभाराची ही गोष्ट आहे.

कुंभार मनानं वाईट नव्हता. पण त्याची जीभ फार तिखट होती. बोलायला नव्हे, चवीला. पाणी कुठल्या विहिरीचं, गाईनं काय खाल्लंय, हे तो एका घोटात सांगे. एका चैत्रात माळ्यानं ताज्या गवती चहाचा आणि कोवळ्या आल्याचा चहा आणला. कुंभार डोळे मिटून तो प्यायला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, की या महिन्याचा सगळ्यांत चांगला चहा माळ्याचा. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याच्या टोपलीत स्वतःसाठी रंगवलेला एक नक्षीचा पेला होता, तो त्यानं माळ्याच्या हातात ठेवला.

सगळे हसले. माळी लाजला. कुणाचं काही बिघडलं नाही.

पण वैशाखातल्या अमावस्येला चहा पिऊन झाल्यावर माणसं उठेनात. ती कुंभाराकडे बघत बसली. कुंभारालाही वाटलं, काहीतरी बोललं पाहिजे. तो बोलला, आणि त्यानं आणखी एक पेला दिला. मग दर महिन्याला तसंच होऊ लागलं. घराघरांत वेलदोडे अमावस्येसाठी बांधून ठेवू लागले. महिनाभर पातळ पिऊन त्या एका दिवशी दूध आटवू लागले.

कुंभाराची बायको एकदा म्हणाली, "तुम्ही चहाचे पंच झालात, ठीक आहे. चाकावर आता मी बसू का?" कुंभार हसला. चिंचेखाली सगळ्यांचे डोळे आपल्या तोंडाकडे लागतात, हे सुख त्यानं जन्मात पहिल्यांदा चाखलं होतं.

कार्तिकातल्या अमावस्येला म्हातारा धनगर नेहमीसारखा आला. त्यानं बकरीच्या दुधाचा चहा आणला होता आणि त्याला धुराचा करपट वास येत होता. कुंभारानं घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "बाबा, चहा केलात की बकरी भाजलीत?"

सगळे पोट धरून हसले. धनगर हसला नाही. तो म्हणाला, "सून माहेरी गेलीय, परत यायची नाही. चूल मीच फुंकतो, पण डोळ्यांना नीट दिसत नाही. आधी हे तुमच्या तुम्हाला कळायचं."

त्यानं किटली उचलली आणि तो डोंगराकडे निघून गेला. कुंभाराला क्षणभर कसंतरी झालं. पण हशा अजून कानात होता, आणि तो गोड होता.

त्या हशात एक माणूस मात्र सामील झाला नाही. तो होता विणकर, कुंभाराचा लहानपणापासूनचा मित्र. दोघांच्या घरांच्या मध्ये एकच भिंत. विणकराचा माग दिवसभर चाले आणि त्याच्या ठेक्यावर कुंभार चाक फिरवी.

मार्गशीर्ष लागला आणि तो ठेका थांबला. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. विणकराच्या दारातल्या खुंट्याला गाय दिसेना. भिंतीपलीकडून त्याच्या बायकोचा खोकला येई. आधी सकाळचा, मग दुपारचाही. कुंभाराला हे सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं. दोनदा तो विणकराच्या उंबऱ्यापर्यंत गेलाही. पण काय म्हणून विचारायचं? त्यानं असं कधी कुणाला विचारलं नव्हतं. तो मनाशी म्हणाला, अमावस्या जवळ आलीय. चहातून कळेलच.

अमावस्येला विणकर सगळ्यांत शेवटी आला. त्याची किटली उघडली आणि वेलदोड्याचा असा घमघमाट सुटला की लोक सरसावून बसले. दाट दूध, भरपूर साखर, वर जायफळ. कुंभाराचा जीव भांड्यात पडला. म्हणजे मित्राचं बरं चाललं होतं.

त्यानं दुसरा घोट घेतला आणि त्याची जीभ अडखळली.

दुधाला सरकीच्या पेंडीचा वास होता. विणकराची गाय बांधावरचं गवत खायची. पेंड खाणारी म्हैस गावात एकच, तेल्याची. हे दूध तेल्याकडचं होतं. म्हणजे खुंट्याची गाय खरंच नव्हती? आणि गाय नसेल तर ती गेली कुठे?

प्रश्न अगदी ओठांवर आला. त्यानं मान वर केली. सगळे त्याच्याकडे बघत होते. विणकरही बघत होता, आणि त्याच्या बघण्यात काहीतरी वेगळं होतं. कुंभाराला वाटलं, याला पेला हवाय. मित्र आहे आपला, कधी नव्हे ते त्याच्या वाट्याला येतंय. सगळ्यांसमोर दुधाचा विषय काढून त्याला खाली का बघायला लावू?

"या महिन्याचा चहा विणकराचा," तो म्हणाला.

विणकरानं पेला घेतला. घरी वाट बघत असतील, असं काहीसं पुटपुटून तो लगेच निघाला.

पौषातल्या अमावस्येलाही तेच झालं. तोच चहा, तीच म्हैस, तीच नजर. कुंभारानं पुन्हा त्यालाच पेला दिला. या वेळी विणकर हसलासुद्धा. भिंतीपलीकडचा खोकला तोवर बारीक झाला होता, आणि कुंभारानं तो बरा होत आलाय असं धरलं.

माघातली अमावस्या यायला दहा दिवस होते. सकाळी कुंभार चाकावर बसला होता. तेली अंगणात आला आणि म्हणाला, एक मडकं हवंय.

मडकं घ्यायला आलेला माणूस ते बोटानं वाजवून बघतो, फिरवून बघतो, भावावरून हुज्जत घालतो. तेल्यानं यातलं काही केलं नाही. हाताला आलं ते मडकं त्यानं उचललं. असं मडकं कशासाठी नेतात, हे कुंभाराला माहीत होतं. चाक त्याच्या हाताखाली आपोआप थांबलं.

"कोण गेलं?"

तेली भिंतीकडे बघत म्हणाला, "पहाटे गेली. तुम्हाला पलीकडून ऐकू नाही आलं?"

दुपारी सगळं आटोपून माणसं परतली. नदीपलीकडचा वैद्य त्यांच्यात होता. विणकर आदल्या दिवशी पायी जाऊन त्याला घेऊन आला होता. वैद्यानं कुणाला दोष दिला नाही. तो इतकंच म्हणाला, की महिन्यापूर्वी बाईला गाडीत घालून माझ्याकडे आणली असती, दूध पोटात जात राहिलं असतं, तर ती आज चालती-फिरती असती. गावात गाडी होती. तेल्याचीच होती. तेली खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "दोन्ही अमावस्यांना दूध मागायला आला. मला वाटलं, पेल्यासाठी नेतोय."

संध्याकाळी माणसं पांगली. कुंभार विणकराजवळ ओट्यावर बसला. मग कुंभार म्हणाला, "एकदा तरी मला सांगायचंस."

"सांगायलाच निघालो होतो," विणकर म्हणाला. "मार्गशीर्षात खरा चहा केला होता. कोरा, सुंठ-मिरीचा, बिनगुळाचा. गाय औषधपाण्याला विकली होती, घरात तेवढंच होतं. ती अंथरुणातून म्हणाली, जा, आज कळेल सगळ्यांना. किटली घेऊन चिंचेच्या वळणापर्यंत आलो. तिथून तुमचं हसणं ऐकू आलं. कुणाच्या चहाला हसत होता, देव जाणे. मला तो धनगर आठवला. तिथंच बांधावर किटली रिकामी केली आणि तेल्याकडे गेलो. दूध, साखर, मसाला, सगळं मागून आणलं."

कुंभार ओट्याची माती नखानं उकरत राहिला.

"पेला घेऊन घरी गेलो तर ती काय म्हणाली माहितीये? म्हणाली, म्हणजे गावाच्या लेखी आपलं झकास चाललंय. आणि हसली. हसताना खोकला लागला."

मग विणकरानं विचारलं, "तुझी जीभ एवढी. तुला कळलं नाही?"

खोटं बोलणं सोपं होतं. ते कुणाला कधी कळलंही नसतं. कुंभाराला तेवढं मात्र जमलं नाही.

"कळलं होतं," तो म्हणाला. "दूध तेल्याचं होतं. दोन्ही वेळा कळलं होतं."

विणकरानं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कुंभाराला सोसला असता.

"मग पेला का दिलास?"

कुंभारानं मान खाली घातली. जे उत्तर होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. विणकर उठला, आत गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभार चाकावर बसला नाही. बायकोनं पुढ्यात ठेवलेला चहा त्यानं तसाच ठेवला. अमावस्येला अजून नऊ दिवस होते, तरी तो रिकाम्या हातांनी उठला आणि भिंतीपलीकडच्या दारात जाऊन उभा राहिला. दार वाजवलं. विणकरानं उघडलं. जन्मात कधी न विचारलेली गोष्ट विचारायची होती.

"रात्री झोप लागली का?" त्यानं विचारलं.

विणकर दाराची चौकट धरून उभा राहिला.

"दोन महिन्यांपूर्वी असं दारात येऊन विचारलं असतंस, तर मी खरं सांगितलं असतं," तो म्हणाला. "आजही खरंच सांगतो. नाही लागली."

त्यानं दार बंद केलं नाही, पण आत ये असंही म्हटलं नाही. कुंभार उंबऱ्याबाहेरच बसला आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहिला.

बोध इतकाच: शेजाऱ्याचं दुःख आपल्याला कळलं असेल तर त्याच दिवशी त्याला तोंडानं विचारावं, कारण उशिरा विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळतं, पण गेलेलं माणूस मिळत नाही.