बुवांना मिळालेली दाद

"मग मी बेसूर आहे की नाही, बुवा?"

दाजीबुवा तानपुरा लावत होते. खुंटी थोडी पिळली, तार छेडली, पुन्हा पिळली.

"कोण म्हणतं?"

"पल्लवी म्हणते, प्रार्थनेला रेडकू ओरडतं. सगळा नववीचा वर्ग हसला. काल तस्नीम म्हणाली, छान गातेस. मग सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या, तर म्हणे... तशी बरी गातेस."

"आणि तू काय म्हणतेस?"

मंजिरी वेणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

शाळेची प्रार्थना रोज तीच सांगायची. दिवाळीपर्यंत तिला आपल्या गळ्याचा चांगलाच तोरा होता. कुणी न विचारता ती बाकीच्या मुलींच्या चुका काढायची. आता तोंड उघडण्याआधी तिचे डोळे पहिल्या रांगेवरून फिरत, आणि तोवर सूर कुठल्या कुठे गेलेला असे. बिचारीला खरंच काही कळेनासं झालं होतं.

"उद्यापासून नाही सांगत मी प्रार्थना. बाईंना तसं सांगून टाकते."

"सांग. आधी बस."

शाळा सुटल्यावर गाणं शिकायला येणाऱ्या मुली एकेक करून आल्या. पल्लवी आली, तस्नीम आली. सतरंजी भरली.

बुवांनी भूप राग सुरू केला. गंधारावर आले... आणि तिथंच राहिले.

मंजिरीच्या कपाळाला आठी पडली. गंधार उतरला होता, जागेपेक्षा खाली लागला होता. चांगलाच उतरला होता.

"वा, बुवा!" पल्लवी म्हणाली.

तस्नीमनं हलकेच मांडीवर थाप मारली. सगळ्या माना डोलल्या.

मंजिरीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आठी गेली. तिचीही मान डोलली.

बुवा थांबले.

"मंजिरी, कसा होता गंधार?"

"छान होता, बुवा."

"छान?"

मंजिरीनं चोरून पल्लवीकडे पाहिलं.

"अगं, विचारतोय मी."

"उतरला होता," ती पुटपुटली. "पण तुम्ही गात होतात. आणि सगळ्या वा म्हणाल्या. मला वाटलं, माझंच काहीतरी..."

पल्लवी सतरंजीची दशी ओढत बसली.

"मुद्दाम उतरवला होता," बुवा म्हणाले.

मंजिरी आणखीच गोंधळली.

"मग मी काय करू, बुवा? उद्या प्रार्थना सांगू की नको?"

बुवांनी तानपुरा उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"उद्या प्रार्थनेला जाताना कान घेऊन जा. मान घरी राहिली तरी चालेल."