हापूसची साल खड्ड्यात येते

गोष्ट सांगण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही. ऐकायला बसणाराही कोणी नाही, ते सोडा.

फार पूर्वी, साली बोलत आणि माणसं गप्प बसत तेव्हा, एका वाडीच्या खतखड्ड्यात हापूसची साल येऊन पडली. कांद्याच्या सालीखाली जाईना, वरच पसरून बसली. माशा जमल्या, वास सुटला.

"आत सरा हो बाई," गांडूळ कळवळलं. "वाडीवाले वासानं वैतागून खड्डाच बुजवतील. मग आम्ही जायचं कुठं?"

साल फणकारली, "मी देवगडची! पेटीतून आले, गवताच्या गादीवर निजून. अन् आता कांद्याखाली जाऊ?"

गांडूळ म्हणालं, "पेटीतून आला तो आंबा, बाई. तो मंडळींनी कधीच खाल्ला. इथं नुसती साल आलीय."