अस्वलिणीचे दगड

हिमालयातल्या एका राष्ट्रीय उद्यानात, झाडांची हद्द संपून नुसते बुटके गवत आणि दगड उरतात इतक्या उंचावर, एक अस्वलीण आपल्या पिल्लासह राहत असे. अंगाने दणकट, पण दिशांच्या बाबतीत सगळा आनंदीआनंद! एकदा तिने पाहिले, की ट्रेकिंगला आलेली माणसे दगडावर दगड रचतात, शेजारी उभी राहून फोटो काढतात आणि पुढे जातात. वाट लक्षात ठेवायची हीच युक्ती असणार, असे तिने ठरवून टाकले. माणसे करतात म्हणजे शहाणपणाचेच असणार, नाही का मुलांनो?

हिवाळा तोंडावर आला होता. पिल्लाला गुहेत ठेवून ती कंदमुळे उकरायला दूरच्या उतारावर गेली. जिथे थांबली तिथे तिने दगड रचले. भलतीकडे वळली तिथेही रचले. दुपारी धुके उतरले, बर्फ भुरभुरू लागला. ती घाईने घरी निघाली, तर समोर एक रास, डावीकडे एक, उजवीकडे दोन, आणि सगळ्या तिच्याच! एकीच्या रोखाने गेली ती फिरून तिथेच आली. दुसरीकडे गेली तर पायाखालचे खडे घरंगळले आणि बऱ्याच वेळाने खोल कुठेतरी आपटले. ती मटकन खाली बसली. पिल्लू एकटे, थंडी वाढत चाललेली, आणि गुहा पुढे की मागे हेच कळेना. बिचारीला रडू कोसळले.

जवळच शेपूट नसलेला एक डोंगरी उंदीर वाळलेले गवत बिळात ओढत होता. तिची हकिकत ऐकून त्याने विचारले, "दगड रचलेस तेव्हा तुला वाट ठाऊक होती?"

"नव्हती, काका."

"मग दगडांना कुठून ठाऊक असणार?"

उंदराने तिला सांगितले, की इथले मेंढपाळ जाताना दगड ठेवत नाहीत. ते मुक्कामी पोचतात आणि सुखरूप परत येताना ठेवतात. त्यांच्या राशी जुन्या, दगडफुलाने खरखरीत झालेल्या, आणि त्यांची वाट तिच्या गुहेजवळूनच जाते. अस्वलीण प्रत्येक राशीला नाक घासत निघाली. गुळगुळीत लागली की सोडायची, खरखरीत लागली की पुढे जायचे. अंधार पडण्याआधी तिने कुडकुडणाऱ्या पिल्लाला पोटाशी घेतले.

सकाळी ऊन पडताच ती आपल्या राशी पाडायला गेली. काल खडे घरंगळले होते त्या कड्यापाशी पोचते, तर एक रानमेंढी कोकराला घेऊन तिथल्या राशीकडेच चालली होती. पुढची कड बर्फाखाली झाकली गेली होती.

"मागे फिर," अस्वलीण म्हणाली. "ते दगड मी रचलेत."

"तू रचलेस, म्हणजे तुला वाट माहीत असेल," मेंढी म्हणाली.

अस्वलिणीची मान खाली गेली. "माहीत नव्हती, म्हणून तर रचले."

तात्पर्य : जी वाट आपल्यालाच सापडलेली नाही, तिच्या खुणा दुसऱ्यांसाठी मांडून ठेवू नयेत.